क्लाउड, विद्यापीठ आणि संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न संशोधक विद्यार्थी विचारतात, त्यांचे गाइड विचारतात आणि कधीकधी लेखा विभागातली मंडळीही विचारतात. इथे 'क्लाउड' म्हणजे ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगल अशा कंपन्यांकडून तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळणारे सर्व्हर आणि साठवण. जिथे लोक खरोखर अडकतात तिथे उत्तर लांबलं आहे.

विद्यापीठांत हे प्रकरण आलं कधी?

ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये एस-थ्री ही साठवणीची सेवा सुरू केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईसी-टू, म्हणजे भाड्याचे सर्व्हर. मायक्रोसॉफ्टचं अझूर २०१० मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. सुरुवातीचं गिऱ्हाईक होतं वेबसाइटवाले. प्रयोगशाळा त्यात नंतर उतरल्या, त्याही दोन धक्क्यांमुळे. जनुकीय क्रमवाचन (डीएनए वाचून काढणं) स्वस्त झालं आणि जीवशास्त्राच्या विभागांत टेराबाइटांचे ढीग लागले, हा पहिला. २०१२ नंतर डीप लर्निंगची, म्हणजे आजच्या एआयच्या मुळाशी असलेल्या तंत्राची, लाट आली आणि ज्याला त्याला जीपीयू, म्हणजे एकाच वेळी असंख्य गणितं करणारी चिप, हवा झाला, हा दुसरा.

भारतात आणखी एक अडचण होती. सर्व्हर सिंगापूरला नाहीतर अमेरिकेत, त्यामुळे वेग कमी आणि 'डेटा देशाबाहेर जातो' ही हरकत कायमची. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई आणि चेन्नईत डेटा सेंटरं सुरू केली, २०१६ मध्ये ॲमेझॉन मुंबईत आलं, २०१७ मध्ये गूगल. ती हरकत तिथपासून बरीचशी मावळली. बाकीच्या हरकती शाबूत आहेत, त्या पुढे येतीलच.

आपल्याकडे महासंगणक असताना भाड्याच्या मशीनची गरजच काय?

पुण्यात तर हा प्रश्न हमखास येतो, आणि रास्तही आहे. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. २०१५ मध्ये ४,५०० कोटींचं राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग मिशन मंजूर झालं. आज पुण्यातच आयसर मध्ये परम ब्रह्म आहे, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी परम रुद्र आहे, आणि पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत ११.७७ पेटाफ्लॉप्सचा 'अर्क' आहे.

ही यंत्रं ज्या कामासाठी आहेत त्या कामाला क्लाउड सहसा पुरं पडत नाही. हवामानाचं प्रारूप चालवताना हजारो प्रोसेसर क्षणाक्षणाला एकमेकांशी बोलत असतात. त्यासाठी मधलं जाळं अतिशय वेगवान लागतं. तशी सोय क्लाउडमध्ये मिळते, पण तिची किंमत वेगळी.

उलट बाजूने पाहा. एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकाला चार दिवसांसाठी दोन जीपीयू हवे आहेत. मिशनच्या यंत्रांवर बाहेरच्या संस्थांनाही वेळ मिळतो. पण त्यासाठी प्रस्ताव, मंजुरी, खातं, मग रांग. हातात सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीचं. नवीन काही टाकायचं तर प्रशासकाला ईमेल. क्लाउडवर तेच काम आज संध्याकाळी सुरू होतं, आणि हवं ते सॉफ्टवेअर स्वतः टाकता येतं. लोक क्लाउडकडे वळतात ते वेगासाठी कमी आणि रांग चुकवण्यासाठी जास्त, असं माझं निरीक्षण आहे.

क्लाउडमुळे आधी अशक्य होतं असं काही शक्य झालं का?

झालं. दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात पुरलेली आइसक्यूब ही न्यूट्रिनो वेधशाळा घ्या. न्यूट्रिनो हा अतिसूक्ष्म कण बर्फात आदळला की निळसर प्रकाश उमटतो. तो प्रकाश बर्फातून कसा पसरतो याची गणितं जीपीयूवर करावी लागतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये सॅन डिएगोच्या सुपरकम्प्युटर सेंटरने आणि आइसक्यूबच्या विस्कॉन्सिनमधल्या गटाने ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या तिघांकडून मिळून सुमारे ५१,००० जीपीयू एकाच वेळी भाड्याने घेतले. जगभरातली जी शिल्लक क्षमता विकायला होती ती जवळपास सगळी. काम दोनेक तास चाललं. तेवढ्या वेळेपुरती ती जगातल्या सर्वांत मोठ्या महासंगणकांच्या पंगतीत बसेल अशी ताकद होती.

अमेरिकेतल्याच क्लेमसन विद्यापीठाने २०१७ मध्ये मजकुराच्या विश्लेषणासाठी ॲमेझॉनवर एका वेळी ११ लाख आभासी प्रोसेसर चालवले होते. हे दोन्ही प्रयोग 'स्पॉट' प्रकारच्या मशीनवर झाले. स्पॉट म्हणजे कंपनीकडे पडून असलेली क्षमता, कधीकधी ९० टक्क्यांपर्यंत स्वस्त. अट एकच: दुसरं पूर्ण पैसे देणारं गिऱ्हाईक आलं की मशीन काढून घेतलं जातं. ॲमेझॉन दोन मिनिटं आधी सूचना देतं, गूगल आणि अझूर ३० सेकंद. ज्या कामाचे हजारो सुटे तुकडे पडतात आणि एखादा तुकडा मेला तर पुन्हा चालवता येतो, त्याला हे उत्तम. तुमचा प्रोग्राम आठ दिवस सलग चालतो आणि मधली अवस्था कुठेच साठवत नाही, तर स्पॉटच्या वाटेला जाऊ नका. आधी चेकपॉइंट लिहायला शिका.

माझ्याकडे साधा लॅपटॉप आहे. मला याचा काय उपयोग?

कदाचित सर्वांत जास्त उपयोग तुम्हालाच आहे. पूर्वी डेटा संशोधकाकडे यायचा. आता संशोधक डेटाकडे जातो.

उपग्रहांची चित्रं हे याचं सरळ उदाहरण. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत. मराठवाड्यातल्या दोन तालुक्यांच्या वीस वर्षांच्या पीकपद्धतीचा अभ्यास करायचा, तर एकेकाळी चित्रं एकेक करून उतरवायची, ढग काढायचे, कडा जुळवायच्या यातच पीएच.डी.चं एक वर्ष जायचं. गूगल अर्थ इंजिनवर तीच चित्रं आधीच रचून ठेवलेली आहेत. तुम्ही ब्राउझरमध्ये पंचवीस-तीस ओळींची स्क्रिप्ट लिहिता आणि गणित तिकडच्या सर्व्हरवर होतं. मेरिलँड विद्यापीठाच्या गटाने २०१३ मध्ये जगातल्या जंगलांचा जो नकाशा प्रसिद्ध केला, तो लँडसॅटच्या साडेसहा लाखांहून अधिक चित्रांवरून याच पद्धतीने केला होता. विना-व्यावसायिक संशोधनाला ही सेवा मोफत आहे. व्यावसायिक वापरासाठी २०२२ पासून पैसे पडतात, तेव्हा विभागाने एखाद्या साखर कारखान्यासाठी सल्ल्याचं काम घेतलं असेल तर 'विद्यापीठाचंच खातं आहे' म्हणून ते त्यात चालवू नका.

जनुकशास्त्रातही तेच. अमेरिकेच्या आरोग्य संस्थेचं क्रमवाचनाचं प्रचंड भांडार २०१९ पासून ॲमेझॉन आणि गूगलवर ठेवलं आहे. यूके बायोबँक या ब्रिटिश भांडारात ५ लाख लोकांची आरोग्याची आणि जनुकीय माहिती आहे. तिचं विश्लेषण आता त्यांच्याच क्लाउड मंचावर करायचं, फायली उतरवून घ्यायच्या नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच. पण याचा अर्थ असाही होतो की डेटा पाहण्याची परवानगी मिळाली तरी गणिताचं मीटर पौंडांत पडत राहणार. कोल्हापूरच्या आणि केंब्रिजच्या विद्यार्थ्याला डेटा सारखाच मिळतो. खिसा मात्र सारखा नसतो.

खर्च खरंच कमी येतो का?

सतत वापर असेल तर नाही, तुरळक वापर असेल तर हो. लग्नासाठी आपण दोन दिवस मंगल कार्यालय घेतो, त्यासाठी कोणी हॉल बांधत नाही. पण रोज शंभर पानांची पंगत उठवायची असेल तर भाडं भरता भरता दिवाळं निघेल.

आकडे घालून पाहू. समजा जीपीयूवाल्या मशीनचं भाडं तासाला २५० रुपये आहे. वर्षाचे तास ८,७६०. मशीन वर्षभर चालू ठेवलं तर २१ लाख ९० हजार रुपये. एवढ्या पैशांत बऱ्यापैकी सर्व्हर विकत येतो आणि पाच वर्षं चालतो. पण तुमचं खरं काम वर्षाला ६०० तासांचं असेल, तर भाडं होतं दीड लाख, आणि विकत घेतलेला सर्व्हर उरलेले आठ हजार तास एसीची हवा खात बसतो. म्हणून दर विचारण्याआधी स्वतःला विचारा: वर्षात किती तास? बहुतेक प्रस्तावांत हा आकडाच नसतो. 'हाय-एंड वर्कस्टेशन, १ नग' एवढंच असतं.

साठवणीत फसगत जास्त होते, कारण दर क्षुल्लक दिसतो. मुंबईत नेहमीच्या साठवणीचा दर गिगाबाइटमागे महिन्याला अडीच सेंटच्या आसपास. १० टेराबाइट ठेवले की महिन्याला अडीचशे डॉलर, वर्षाला तीन हजार. प्रकल्प तीन वर्षांचा आणि डेटा मात्र दहा वर्षं जपायचा, अशा वेळी हा हिशेब पहिल्याच दिवशी करावा लागतो. जुना डेटा थंड साठवणीत, म्हणजे क्वचित लागणाऱ्या फायलींसाठीच्या स्वस्त साठवणीत, टाकला तर खर्च कितीतरी पटींनी उतरतो. मात्र तो परत मागितल्यावर हाती यायला बारा तास ते दोन दिवस लागू शकतात. परीक्षकाने व्हायवाच्या आदल्या दिवशी मूळ फाइल मागितली तर पंचाईत.

मी मशीन बंद केलं होतं. तरी बिल कसं आलं?

'बंद केलं' म्हणजे नक्की काय केलं, यावर उत्तर अवलंबून आहे.

लॅपटॉपचं झाकण मिटलं म्हणून मुंबईतलं मशीन झोपत नाही. ब्राउझरची टॅब बंद केली तरी नाही. शुक्रवारी संध्याकाळी सोडलेलं मशीन सोमवारी सकाळपर्यंत साठेक तास चालतं आणि सगळ्या तासांचं भाडं लागतं.

नियंत्रण पानावर जाऊन 'स्टॉप' दाबलंत तर मशीनचं भाडं थांबतं. त्याला जोडलेल्या डिस्कचं थांबत नाही. डिस्क पाचशे गिगाबाइटची असेल तर ती रिकामी असली तरी पाचशेचेच पैसे. डिस्कच्या प्रती, म्हणजे स्नॅपशॉट, वेगळे. सार्वजनिक आयपी पत्त्याला (मशीनचा इंटरनेटवरचा पत्ता), वापरात असो वा नुसता राखलेला, ॲमेझॉन फेब्रुवारी २०२४ पासून तासाला अर्धा सेंट आकारतं: महिन्याला साडेतीन डॉलर, फार नाही, पण वर्गातल्या चाळीस मुलांनी एकेक राखला की लेखा विभागाचा फोन येतो. आणि एक गंमत: पानाच्या वरच्या कोपऱ्यात 'मुंबई' निवडलेलं असतं तेव्हा व्हर्जिनियात चुकून सुरू केलेलं मशीन तिथे दिसतच नाही. बिलाचं पान उघडून प्रदेशानुसार फोड पाहा, ते सापडेल.

मर्यादेची सूचना, म्हणजे बजेट अलर्ट, जरूर लावा. पण ती फक्त ईमेल पाठवते. मशीन आपोआप बंद करत नाही, आणि खर्चाचे आकडेही काही तास उशिरा येतात. आपोआप बंद व्हायला हवं असेल तर ती व्यवस्था वेगळी करावी लागते.

सर्वांत मोठी बिलं मात्र विसरण्यामुळे येत नाहीत. कोड गिटहब या सार्वजनिक संकेतस्थळावर टाकताना त्यात खात्याची गुप्त किल्ली राहून जाते. अशा किल्ल्या हुडकणारे प्रोग्राम चोवीस तास फिरत असतात. थोड्या वेळात तुमच्या खात्यावर भराभर मशीन उभी राहतात आणि कोणाचं तरी क्रिप्टो खणू लागतात. तसं झालं तर किल्ली ताबडतोब रद्द करा, कंपनीला लगेच लिहा, आणि गाइडना सांगायला उद्यावर ढकलू नका.

आपलाच डेटा बाहेर काढायला पैसे का?

कारण तिथे कंपनीचा फायदा आहे. आत टाकायला शुल्क नाही, बाहेर काढायला आहे. मुंबईहून इंटरनेटवर डेटा काढायचा तर ॲमेझॉनचा दर सुरुवातीच्या टप्प्यात गिगाबाइटला ११ सेंटच्या आसपास पडतो. ५ टेराबाइट उतरवायचे तर साडेपाचशे डॉलर, म्हणजे पंचेचाळीस हजारांच्या वर, अधिक जीएसटी.

शिक्षणसंस्थांच्या तक्रारींनंतर ॲमेझॉनने २०१६ मध्ये संशोधकांसाठी यात सूट आणली: महिन्याच्या एकूण बिलाच्या १५ टक्क्यांपर्यंतचं बाहेर-शुल्क माफ. पात्रतेच्या अटी आहेत आणि सूट मागावी लागते, आपोआप लागत नाही. २०२४ मध्ये गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही कायमचं सोडून जाणाऱ्यांचं हे शुल्क माफ केलं. रोजच्या ये-जा करणाऱ्या डेटाला ती सवलत नाही.

यावर साधा तोडगा म्हणजे कच्चा डेटा क्लाउडवर, गणितही तिथेच, आणि घरी आणायच्या त्या फक्त तक्ते आणि आकृत्या. तरीही कच्च्या डेटाची एक प्रत आधीपासून स्वतःकडे ठेवाच. म्हणजे तो परत विकत घ्यायची वेळ येणार नाही.

कंपनी फुकट क्रेडिट देते. घ्यावं का?

घ्यावं. मात्र आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा जुना खेळ आहे हे ठाऊक ठेवून घ्यावं. क्रेडिटला मुदत असते. मुदतीत तुम्ही त्या कंपनीच्या खास सेवांवर कोड बसवता, विद्यार्थी तीच साधनं शिकतात, आणि क्रेडिट संपल्यावर हलणं महाग पडतं.

फुकट कायम फुकट राहत नाही, हे विद्यापीठांनी मोठ्या प्रमाणावर अनुभवलं आहे. गूगल शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण देत होतं. कित्येक प्रयोगशाळांनी सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमा, मुलाखतींचे व्हिडिओ, सगळं गूगल ड्राइव्हवर लोटलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केलं की हे बंद. जुलै २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइट. मोठ्या विद्यापीठात पन्नास हजार खाती असतील, तर वाट्याला माणशी दोन गिगाबाइट. मग 'ड्राइव्ह रिकामे करा' असे ईमेल जगभरच्या विद्यापीठांत फिरू लागले. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टनेही तशीच मर्यादा आणली.

क्रेडिट वापरायची चांगली जागा म्हणजे अंदाज बांधणं. महिनाभर छोट्या नमुन्यावर काम चालवा, खरे तास मोजा, आणि तो आकडा पुढच्या प्रस्तावात घाला.

अनुदानात हा खर्च कोणत्या हेडखाली दाखवायचा?

आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत हा सर्वांत कंटाळवाणा, आणि सगळ्यात जास्त प्रकल्प इथेच अडतात.

आपली अनुदानाची रचना वस्तू विकत घेण्यासाठी आहे. उपकरणं, कन्झ्युमेबल्स, कंटिन्जन्सी, प्रवास, मनुष्यबळ, ओव्हरहेड अशी हेडं. सर्व्हर घेतला की तीन कोटेशनं, खरेदी समिती, पुरवठा आदेश, पावती आणि डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद. पेटीवर पांढऱ्या रंगात क्रमांक लिहिला की लेखापरीक्षक खूश. क्लाउडच्या बाबतीत तो विचारतो, 'वस्तू कुठे आहे?' वस्तू नाही. दर महिन्याला रक्कम वेगळी. गेल्या महिन्यात ४,२१३ रुपये आणि या महिन्यात ३१,९०७, हे का, याचं टिपण गाइडने लिहून द्यायचं. त्यात प्राध्यापकाच्या स्वतःच्या क्रेडिट कार्डावर बिल गेलेलं असेल तर परतफेडीची फाइल टेबलामागून टेबल फिरत राहते.

निभावण्याचे मार्ग आहेत. प्रस्ताव लिहितानाच 'संगणन सेवा' अशी ओळ स्पष्ट घाला, तासांचा हिशेब जोडा, आणि देणाऱ्या संस्थेकडून ते मान्य असल्याचं लेखी घ्या. मागाहून हेड बदलून घेणं फार जड जातं. खातं वैयक्तिक नव्हे, संस्थेच्या नावावर उघडा. भारतीय उपकंपनीकडून रुपयांत इन्व्हॉइस घ्या, त्यावर संस्थेचा जीएसटी क्रमांक असू द्या आणि १८ टक्के कर बजेटमध्ये आधीच धरा. केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने मान्यता दिलेल्या पुरवठादारांची यादी आहे आणि जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर क्लाउड सेवाही मिळतात. खरेदी समितीला तो रस्ता ओळखीचा वाटतो.

३१ मार्चच्या आत पैसे संपवायचे म्हणून दोन वर्षांचं क्लाउड आगाऊ भरून ठेवण्याचा मोह होतो. खासगी पुरवठादाराला आगाऊ रक्कम देण्यावर सरकारी वित्तीय नियमांची बंधनं आहेत, तेव्हा वित्त व लेखाधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय तिकडे वळू नका. उपयोगिता प्रमाणपत्र तुमच्या सहीने जातं, कंपनीच्या नाही.

रुग्णांची माहिती किंवा मुलाखती क्लाउडवर ठेवता येतात का?

येतात, परवानगी घेतलेली असेल तर. संमतीपत्रात 'माहिती विभागाच्या कपाटात कुलूपबंद राहील' असं लिहिलं असेल आणि तुम्ही ती क्लाउडवर टाकली, तर सर्व्हर कितीही सुरक्षित असला तरी तो संमतीचा भंग आहे. नैतिकता समितीकडे अर्ज करतानाच साठवणीची जागा सांगा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी काही सूट आहे. ती अटींसह आहे. सगळं माफ नाही. ठरावीक मर्यादेपेक्षा बारीक अचूकतेचा भौगोलिक डेटा भारतातच साठवायचा, असं २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ड्रोनने सर्वेक्षण करणाऱ्यांनी ती वाचावीत.

व्यवहारात करायचं ते इतकंच: प्रदेश मुंबई, पुणे किंवा हैदराबाद असा हाताने निवडा, नावं आणि आधार क्रमांक काढल्याशिवाय फाइल वर चढवू नका, आणि नावं-क्रमांक जोडणारा तक्ता क्लाउडवर अजिबात ठेवू नका.

कंपनीने उद्या सेवाच बंद केली तर?

ही भीती हवेतली नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांचं कारण देऊन मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतात तेलशुद्धीकरण करणाऱ्या कंपनीच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. विद्यापीठावर अशी वेळ आली तर वकील उभा करायलाच किती दिवस लागतील, याचा विचार करा. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं गूगल क्लाउडवरची खासगी यंत्रणा चुकून पुसली गेली. दुसऱ्या पुरवठादाराकडे प्रती ठेवल्या होत्या म्हणून निभावलं.

स्वतःचं यंत्र असलं म्हणजे सुटलो, असंही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर प्रती काढणाऱ्या स्क्रिप्टमधल्या चुकीने ७७ टेराबाइट संशोधन-डेटा उडाला आणि त्यातला काही परत आलाच नाही. दोन वेगवेगळ्या मालकांकडे दोन प्रती, याला पर्याय नाही.

निष्कर्ष पुन्हा पडताळून पाहण्याचं काय?

एका बाजूने सोपं झालं: मशीनची संपूर्ण रचना कंटेनरमध्ये, म्हणजे कोड आणि त्याला लागणारं सगळं सॉफ्टवेअर एकत्र असलेल्या गाठोड्यात, बांधून दुसऱ्याला देता येते. दुसऱ्या बाजूने, कंपनी सेवा बंद करते आणि तुमच्या पेपरमधली कार्यपद्धती अधांतरी राहते. मायक्रोसॉफ्टच्या प्लॅनेटरी कम्प्युटरचं 'हब', जिथे पर्यावरणाचे संशोधक थेट कोड चालवत, ते जून २०२४ मध्ये बंद झालं; डेटाची सूची राहिली, चालवायची जागा गेली. शक्य तिथे खुल्या साधनांवर काम करा.

एआय संशोधनात विद्यापीठं मागे पडतायत ती क्लाउडमुळे की क्लाउड नसल्यामुळे?

दोन्ही खरं आहे. मोठी प्रारूपं घडवायला हजारो जीपीयू महिनोन्महिने लागतात. ते ज्यांच्याकडे आहेत त्याच कंपन्या विद्यापीठांना भाड्याने देतात, आणि त्याच कंपन्या विद्यापीठातली माणसंही घेऊन जातात. सरकारांनी यात हात घातला आहे. मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटींचं इंडियाएआय मिशन मंजूर झालं. त्यातून खासगी पुरवठादारांचे जीपीयू सवलतीत, तासाला शंभर रुपयांच्या आत, संशोधकांना आणि स्टार्टअपना देण्याची योजना आहे. अमेरिकेत जानेवारी २०२४ पासून अशाच हेतूचा राष्ट्रीय प्रायोगिक कार्यक्रम चालू झाला.

दर उतरला की प्रश्न सुटला असं मला वाटत नाही. सवलतीचा जीपीयू मिळाल्यावर त्यावर काम नीट लावून देणारा माणूस विभागात लागतो: कोड तुकड्यांत पाडणारा, कंटेनर बांधणारा, बिल वाचणारा. ब्रिटनमध्ये अशा लोकांना रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणतात आणि त्यांना पदं आहेत. आपल्याकडे हे काम अकरा महिन्यांच्या करारावरचा प्रोजेक्ट असिस्टंट करतो, आणि नीट शिकला की हिंजवडीला जातो. एक कायम पद भरलं तर दहा सर्व्हरांपेक्षा जास्त पेपर निघतील, असं मी कुठल्याही समितीपुढे म्हणायला तयार आहे.

विभागातला जुना क्लस्टर काढून टाकावा का?

चालू असेल तर नाही. रोजची छोटी कामं, विद्यार्थ्यांचा सराव, कोड तपासणं त्यावर करा आणि फक्त अंगावर येणारं काम क्लाउडवर पाठवा. मात्र दुरुस्तीचा करार संपलेला असेल, यूपीएसच्या बॅटऱ्या फुगलेल्या असतील आणि महावितरणचं बिल कोणी पाहतच नसेल, तर तो क्लस्टर 'फुकट' आहे असं म्हणू नका.

पेपरमध्ये क्रेडिटचा उल्लेख करावा लागतो का?

हो. क्रेडिट हे आर्थिक साहाय्यच आहे. कोणत्या कंपनीचं, कोणत्या योजनेतून, ते आभाराच्या परिच्छेदात लिहा; रक्कम मोठी असेल तर तीही. तुमचा पेपर त्याच कंपनीच्या सेवेची दुसऱ्या सेवेशी तुलना करत असेल, तर हितसंबंधांच्या रकान्यातही नोंद हवी. आणि पेपर पाठवण्याआधी क्रेडिटचा करार एकदा वाचा: काही योजनांमध्ये तुमच्या कामाची गोष्ट कंपनीच्या जाहिरातीत वापरायची परवानगी तुम्ही सहीबरोबरच दिलेली असते.